सीताफळाच्या गुणसूत्रांपासून उंदराच्या गाठीपर्यंत : डॉ. कमल रणदिवे



नोव्हेंबर आला की आपण फळ्यावर दिनविशेष लिहितो. ७ तारखेला मादाम क्युरींचा जन्मदिवस, आणि म्हणूनच त्या दिवशी आपल्या देशात राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिनही असतो. ८ तारखेला मराठी शाळेत एकच नाव येतं, पु. ल. देशपांडे. यायलाच पाहिजे. पण त्याच ८ नोव्हेंबरला, पु.लं.च्या बरोब्बर दोन वर्षं आधी, १९१७ साली पुण्यात एक मुलगी जन्मली, जिनं भारतात कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास उभा केला. तिचं नाव आपल्या फळ्यावर क्वचितच येतं. २०२१ साली गुगलनं त्या दिवशी आपल्या पानावर तिचं चित्र लावलं, तेव्हा कितीतरी शिक्षकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता : ह्या बाई कोण?

ह्या बाई म्हणजे डॉ. कमल जयसिंग रणदिवे. माहेरच्या कमल समर्थ. आजचा पाठ त्यांच्यावर. आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिक्षकांना तो वर्गात वापरता येईल, आणि ज्या पालकांच्या घरी दहावी-बारावीची मुलगी आहे त्यांनी तर जरूर वाचावा. का, ते पुढे कळेल.

कमलताईंचे वडील दि. द. समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. घरात शिकलेलं वातावरण. मुलींनी शिकलंच पाहिजे असा वडिलांचा आग्रह. कमलताई हुजूरपागेच्या शाळेत गेल्या. ही मुलींची शाळा १८८४ सालची, म्हणजे कमलताईंच्या वेळीही ती चांगली जुनी झाली होती. अभ्यासात मुलगी हुशार निघाली आणि वडिलांनी मनाशी ठरवलं की हिला डॉक्टर करायचं आणि डॉक्टर नवराच बघून द्यायचा.

इथे जरा थांबा. हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही? चिखली असो, मेहकर असो, खामगाव असो, पालकसभेत मार्कशीट हातात घेऊन बसलेला बाप आजही हेच बोलतो. हुशार आहे ना पोरगी, मग नीट द्या, डॉक्टर करा. आणि मार्क कमी पडले तर मग बीएस्सी. म्हणजे बीएस्सी ही हरलेल्याची जागा. समर्थांच्या घरी मात्र उलट झालं. मुलीनं वैद्यकीय शिक्षण नको म्हटलं आणि वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतलं. वडिलांचं मन मोडलं असेल का? असेलही. पण त्यांनी मुलीची वाट अडवली नाही. वडील स्वतः तोच विषय शिकवत होते, त्यामुळे त्या विषयाला मान आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. आपल्याकडे तेच सांगावं लागतं.

बीएस्सी विशेष प्राविण्यासह झाल्या आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एमएस्सी केलं. आता एमएस्सीचा विषय ऐका. सीताफळ! म्हणजे सीताफळ, रामफळ ज्या कुळातली झाडं आहेत, त्या कुळाच्या पेशींमधली गुणसूत्रं.

बुलढाणेकराला सीताफळ समजावून सांगायची गरज नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेत आपल्याकडे ते कोणी लावलं नाही तरी उगवतं. दसरा-दिवाळीच्या दिवसात घाटाच्या रस्त्यानं टोपल्या मांडलेल्या असतात. मुलांना विचारा, सीताफळाच्या पेशीत गुणसूत्रं किती? चौदा. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस, उंदराच्या पेशीत चाळीस. आणि गंमत म्हणजे ज्या वर्षी कमलताई सीताफळाची गुणसूत्रं मोजत होत्या, त्या वर्षी माणसाच्या पेशीत किती गुणसूत्रं असतात हे जगात कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुस्तकात अठ्ठेचाळीस लिहिलेलं असायचं. शेहेचाळीस हा बरोबर आकडा १९५६ साली आला. फळाच्या झाडाची गुणसूत्रं मोजणं हे काही रिकामं काम नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशी विभागते, गुणसूत्रं कशी दोन्हीकडे ओढली जातात, कुठे गडबड होते, हे डोळ्याला सवयीचं व्हायला लागतं. ती सवय पुढे कर्करोगाच्या कामी आली, कारण कर्करोग म्हणजे पेशीविभाजनाचा बिघडलेला हिशोबच.

मधल्या काळात, १९३९ च्या मे महिन्यात, त्यांचं लग्न झालं. नवरा डॉक्टर नव्हता. जयसिंग रणदिवे गणिताचे माणूस होते. पेशीशास्त्र हा बायकोचा पदवीचा विषय नव्हता, तरी पुढच्या शिक्षणात त्यांनी तिला भरपूर मदत केली. लग्न करून कमलताई मुंबईला आल्या आणि तिथे टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या.

टाटा मेमोरियल आपल्या गावागावात माहीत आहे. आपल्या भागातून कोणी ना कोणी फाइल घेऊन रेल्वेनं दादरला उतरतं आणि परळला जातं. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्या दुःखातून ह्या रुग्णालयाची कल्पना निघाली. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग जास्त दिसतो आणि त्याचा खाण्यापिण्याशी, तंबाखूशी काय संबंध, हे त्यांनी फार आधी अभ्यासायला घेतलं होतं. तंबाखू चघळणाऱ्याच्या गालात, विडीच्या धुरानं घशात. आपल्या विदर्भात खर्रा घोटणाऱ्या पोरांना हे आजही सांगावं लागतं ह्याचं वाईट वाटतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेच्या कुंपणाबाहेर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे.

तर ह्या खानोलकरांच्या हाताखाली कमलताईंनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी १९४९ साली मिळवली. घरी लहान मूल होतं. एवढं एकच वाक्य लिहून मी पुढे जातो, पण वाचणाऱ्या शिक्षिका भगिनींना त्या वाक्यात काय काय आहे ते कळेल.

आता त्यांच्या कामाकडे येऊ. हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण इथेच दहावीचा आनुवंशिकतेचा धडा जिवंत होतो.

कर्करोग होतो कसा? आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी डीएनएच्या लिपीत लिहिलेल्या सूचनांवर चालते. त्या लिपीत चारच अक्षरं आहेत आणि माणसाच्या एका संचात ती जवळजवळ तीनशे कोटी वेळा येतात. पेशी विभागताना हे सगळं पुस्तक उतरवून काढावं लागतं. उतरवताना चूक होते. तुम्ही श्रुतलेखन घेता तेव्हा दिन आणि दीन ह्यात पोरं चुकतात ना, तसंच. एका वेलांटीनं दिवसाचा गरीब होतो. डीएनएतल्या अशा बदलाला आपण उत्परिवर्तन म्हणतो. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही राहतात, पण त्या अशा ठिकाणी असतात की काही बिघडत नाही. मात्र एखादी चूक विभाजनाला चालना देणाऱ्या जनुकात झाली, तर तिथलं बटण चालूच राहतं. दुसरी चूक विभाजन थांबवणाऱ्या जनुकात झाली, तर ब्रेक निकामी होतो. पी-५३ नावाचं एक जनुक आहे, त्याला पेशीचा रखवालदार म्हणायला हरकत नाही. बिघडलेल्या पेशीला ते थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. कितीतरी कर्करोगांमध्ये हा रखवालदारच जायबंदी झालेला सापडतो. अशा एकावर एक चुका साठत गेल्या की एक पेशी बेफाम होते. म्हणून कर्करोग बहुधा वय वाढल्यावर दिसतो, चुका साठायला वर्षं लागतात. आणि तंबाखूतली रसायनं काय करतात? चुकांचा वेग वाढवतात.

हे सगळं आज मी फळ्यावर दहा मिनिटांत काढतो. पण कमलताईंनी काम सुरू केलं तेव्हा डीएनएचा गोफ कसा असतो हेही कळलेलं नव्हतं. ते १९५३ साली कळलं. पी-५३ सापडलं १९७९ मध्ये. म्हणजे त्या अंधारात चाचपडत होत्या, आणि हातात होते उंदीर.

उंदीर कशाला? कारण उंदरांच्या अशा जाती तयार करता येतात की ज्यांतले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे असतात. भाऊ-बहिणीची वीस पिढ्या जोडी लावत गेलं की अशी शुद्ध जात मिळते. मग दिसतं की एका जातीतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो आणि दुसऱ्या जातीत जवळजवळ कोणालाच होत नाही. पिंजरा तोच, दाणापाणी तेच. मग फरक आला कुठून? कमलताईंनी सुरुवातीच्या कामात अशाच चार जाती घेतल्या, कर्करोगाची ओढ कमीजास्त असलेल्या, आणि गाठ यायच्या आधीच्या, निरोगी स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींशी ताडून पाहिल्या. मला ही गोष्ट फार आवडते. गाठ झाल्यावर तर सगळेच बघतात. आधी काय वेगळं होतं, हे बघायची बुद्धी व्हावी लागते.

त्या काळात अमेरिकेत जॉन बिटनर ह्यांनी १९३६ साली एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. कर्करोगाची ओढ असलेल्या जातीची पिल्लं जन्मल्याबरोबर दुसऱ्या जातीच्या आईला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यात कर्करोग खूपच कमी होतो. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी येत होतं. ते काहीतरी पुढे विषाणू निघालं. हा विषाणू उंदराच्या डीएनएत जाऊन घुसतो, आणि नको त्या जनुकाच्या शेजारी घुसला की ते जनुक जागं करतो. कमलताईंच्या प्रयोगशाळेनं ह्याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं : आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू ह्या तिघांचं आपसात काय नातं आहे? एकट्या आनुवंशिकतेनं भागत नाही, एकट्या विषाणूनंही नाही. ह्या कामातून मुंबईत उंदरांची स्वतःची एक जात तयार झाली, ती संस्थेच्या नावानं आयसीआरसी उंदीर म्हणून ओळखली गेली. स्तनाचा, रक्ताचा, अन्ननलिकेचा, अशा कर्करोगांच्या अभ्यासाला त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अशा प्राण्यांचा उपयोग झाला.

पालकहो, इथे एक सूचना ठळकपणे. हा दुधाचा मुद्दा उंदरांचा आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच होतो. वर्गात हा प्रयोग सांगताना हे वाक्य सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धवट विज्ञान घरी गेलं की त्याची अफवा होते, आणि तिची किंमत एखाद्या बाळाला मोजावी लागते.

माणसातला आनुवंशिक धागा सापडायला १९९० उजाडलं. मेरी-क्लेअर किंग ह्या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाची ओढ काही घराण्यांत सतराव्या गुणसूत्राशी जोडलेली आहे. तेच बीआरसीए-१ जनुक. हे जनुक खरं तर डीएनएची दुरुस्ती करणाऱ्यांपैकी आहे. त्याचीच प्रत बिघडलेली मिळाली तर चुका साठत जातात. पण लक्षात घ्या, स्तनाच्या शंभर कर्करोगांमध्ये अशा वारशानं आलेले पाच ते दहाच असतात. बाकीचे आयुष्यात साठलेल्या चुकांमधून होतात. हे सांगणं का गरजेचं आहे? कारण आपल्याकडे अजूनही घरात कोणाला कर्करोग झाला की ते लपवलं जातं. पोरीचं लग्न जमणार नाही म्हणून आईच्या गाठीबद्दल बोलायचं नाही. कोणी त्याला पूर्वजन्मीचं पाप म्हणतं, कोणी त्या घरचं पाणी पीत नाही. कर्करोग शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. आणि गाठ लपवून ठेवणाऱ्या बाईचे महिने वाया जातात. लवकर आलेली गाठ आणि उशिरा आलेली गाठ ह्यात जीवाचा फरक असतो.

पुन्हा कमलताईंकडे. पीएचडीनंतर खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेची शिष्यवृत्ती घ्यायला लावली. त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे गाय म्हणजे शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या खटाटोपातले वस्ताद. हळूहळू फिरणाऱ्या पिंपात काचेच्या नळ्या बसवून पेशींना आलटून पालटून अन्नरस आणि हवा मिळेल अशी युक्ती त्यांनी काढली होती. ह्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ह्या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी वाढल्या आणि त्या आजतागायत जगभर वाढताहेत. त्या बाईला मात्र कोणी विचारलं नव्हतं. हा वेगळ्या पाठाचा विषय आहे, नववी-दहावीच्या मुलांशी त्यावर जरूर बोला.

पेशी जगवण्याचं हे तंत्र शिकून कमलताई परत आल्या. राहता आलं असतं तिकडे. त्या आल्या, आणि मुंबईत १९५२ साली उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊतीसंवर्धन म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला केळीची रोपं आठवतात. तत्त्व तेच, पण प्राण्याची पेशी फार नाजूक. सदतीस अंश तापमान, क्षार, साखर, रक्तातला पातळ रस, सगळं अचूक लागतं. आणि एवढ्या खुराकावर पेशीपेक्षा जास्त आनंदानं काय वाढत असेल तर जिवाणू. एक जिवाणू शिरला की रात्रीत बाटली गढूळ होते, महिन्यांचं काम संपतं. म्हणून अशा प्रयोगशाळा अन्नरसात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घालू लागल्या. प्रतिजैविकं आली आणि हे काम सोपं झालं.

इथे मी थोडा विषयाबाहेर जाणार आहे, पण दहावीच्या मुलांना हे सांगितलंच पाहिजे. तीच प्रतिजैविकं वापरून झाल्यावर जातात कुठे? दवाखान्यातून, कारखान्यातून, कोंबड्यांच्या शेडमधून, गोठ्यातून, आपल्या मोरीतून ती सांडपाण्यात जातात. आपण खाल्लेल्या गोळीचाही बराचसा भाग लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. सांडपाण्यात औषध अगदी थोडं असतं. जिवाणू मारायला पुरत नाही, पण निवड करायला पुरतं. कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याच्या डीएनएत अशी चूक झालेली असते की त्याला औषध लागू पडत नाही. बाकीचे मागे पडतात, तो वाढतो, आणि आपलं ते जनुक शेजाऱ्यालाही देतो. बघा, कर्करोगाच्या गाठीत आणि नाल्याच्या पाण्यात एकच खेळ चाललाय. अक्षरात चूक आणि मग निवड. गाठीतल्या पेशीही असंच करतात, औषधाला दाद न देणारी एखादी पेशी उरते आणि गाठ परत येते.

सांडपाण्यातून ही औषधं काढायची कशी? गाळ खाली बसवणं आणि हवा खेळवून जिवाणूंकडून घाण खाऊन घेणं, हे नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात होतं. त्यात काही औषधं जातात, काही तशीच पुढे निसटतात. त्यापुढे पाण्यात ओझोन सोडतात, तो औषधाचा रेणूच तोडतो. किंवा सक्रिय कोळशाच्या थरातून पाणी नेतात, औषध कोळशाला चिकटून राहतं. दोन्हीला पैसा आणि वीज लागते. ज्या गावाचा नाला सरळ नदीला मिळतो, तिथे ह्यातलं काहीच नाही. मग आपल्या हातात एवढंच उरतं की डॉक्टरनं दिलेला कोर्स पुरा करायचा, सर्दीला मेडिकलवरून स्वतःच अँटिबायोटिक आणायचं नाही आणि उरलेल्या गोळ्या मोरीत ओतायच्या नाहीत.

असो. कमलताईंच्या प्रयोगशाळेत कर्करोगाबरोबर आणखी एक काम चाललं होतं, ते कुष्ठरोगाचं. आपल्या विदर्भाला हा रोग नवा नाही, बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन १९४९ सालचं. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, हीच मोठी अडचण. १९५८ साली ह्या संस्थेत कुष्ठरुग्णांच्या गाठींमधून एक जिवाणू वाढवण्यात आला, त्यालाही संस्थेचंच नाव मिळालं. पुढे १९७९ मध्ये त्यापासून कुष्ठरोगाची लस तयार झाली. दक्षिण भारतात लाखभराहून जास्त लोकांवर वेगवेगळ्या लसी तपासल्या गेल्या, त्यात ह्या लसीनं सुमारे पासष्ट टक्के संरक्षण दिलं. कर्करोगाच्या संस्थेतून कुष्ठरोगाची लस! संशोधन असंच चालतं, फंडाच्या अर्जात लिहिलेल्या वाटेनं ते जाईलच असं नाही.

१९६६ ते १९७० ह्या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला. परदेशात गेलेल्या हुशार पोरांना त्या परत बोलवत, इथे जागा करून देत. कर्करोग आणि कुष्ठरोगावरचे त्यांचे दोनशेहून जास्त शोधनिबंध आहेत. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. १९८२ साली पद्मभूषण. बापाला मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती, आणि हा मान मिळाला तो वैद्यकशास्त्रातच!

पण मला विचाराल तर त्यांचं पदकांपेक्षा मोठं काम १९७३ सालचं. त्यांनी आणि त्यांच्या अकरा सहकारी स्त्रियांनी मिळून भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईची अडचण बुद्धीची नसते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं. मूल कुठे ठेवायचं, परक्या शहरात राहायचं कुठे, ह्या अडचणी असतात. वाशीला ह्या संघटनेची इमारत आहे, तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे, लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात आपण जिजाऊंची जयंती थाटात करतो, मुली भगवे फेटे बांधून येतात. त्याच मुलींपैकी किती जणी बारावीनंतर पुण्या-मुंबईला जातात? विचारलं तर बाप सांगतो, राहणार कुठे, सोबत कोण. म्हणून हे वसतिगृह मला महत्त्वाचं वाटतं. अशा सोयी आहेत हे पालकांना सांगणं हे आपलंच काम आहे.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत पुरस्कारांच्या कपाटासमोर बसून राहिल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. आपल्या शेजारचा अकोला नव्हे हं, हे सह्याद्रीच्या कुशीतलं अकोले. तिथे सत्यनिकेतन ह्या संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. ही संस्था राजूरची. तेही आपल्या घाटातलं राजूर नव्हे. मुलं किती उंच, वजन किती, खायला काय मिळतं, आजार कोणते. गावातल्या बायकांना आरोग्याचं सांगत राहिल्या. ज्या बाईनं चार जातींच्या उंदरांची ग्रंथी गाठ व्हायच्या आधीच तपासली, तिनं म्हातारपणी आजारी पडायच्या आधीच्या मुलांकडे बघावं, ह्यात मला तरी नवल वाटत नाही. शाळेत आपण दर सहा महिन्यांनी मुलांची उंची-वजनं घेतो आणि रजिस्टर कपाटात ठेवून देतो. ते रजिस्टर एकदा नीट वाचून बघा.

२००१ च्या फेब्रुवारीत माणसाच्या संपूर्ण डीएनएचा पहिला मसुदा जगापुढे छापून आला. तीनशे कोटी अक्षरांचं ते पुस्तक, ज्यातली एकेक चूक कमलताईंनी आयुष्यभर उंदरांच्या अंगावरून, बाटल्यांतल्या पेशींवरून अंदाजानं वाचली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या संस्थेचा संशोधनाचा पसारा पुढच्याच वर्षी परळहून नवी मुंबईत खारघरला गेला, आणि आता तिथे रुग्णाच्या गाठीतलं कोणतं अक्षर चुकलंय ते थेट वाचून औषध ठरवण्यावर काम चालतं.